एका दमाची रेघ

उभी राहिली अक्षरं, डोई उघडी उन्हात,
बाई पदर ओढिते, एका दमात दमात…

आईचा हा आवाज मंजिरीच्या कानात पस्तीस वर्षं मुक्कामाला होता. ती सहा वर्षांची असताना अण्णा कराडच्या पेठेत एका कापडदुकानाची पाटी रंगवत होते. ते वर परांचीवर, आई खाली रंगाच्या डब्यांमध्ये फतकल मारून बसलेली, आणि मंजिरी तिच्या मांडीला रेलून. सकाळपासून अक्षरं लिहून झाली होती, पण सगळी उघड्या डोक्याची, सुटी सुटी, जत्रेत हरवलेल्या पोरांसारखी. अण्णांनी ब्रश बुडवला, कड निथळवली, छाती भरून घेतली, आणि त्याच क्षणी आईनं खालून ओवी धरली. ओवी संपेपर्यंत ब्रश उचलायचा नाही आणि श्वासही सोडायचा नाही. ओवी संपली तेव्हा अक्षरांच्या डोक्यावरून एक निळी रेघ गेली होती, आणि एकमेकांचा हात धरल्यासारखी ती शब्द होऊन उभी होती.

"कळलं का गं?" अण्णांनी वरून विचारलं होतं. "श्वास धरला की रेघ धरती. सोडला की सांडती."

दिनकर कारंडे पेंटरांच्या दुकानात मापच मुळी ओवीचं होतं. एक ओवी म्हणजे सात फूट रेघ. "तुमची पाटी दीड ओवीची," असं अण्णा गिऱ्हाइकाला सांगायचे आणि गिऱ्हाइकाला ते कळायचंही. दुकानाचा रिवाजही सगळ्या पेठेला माहीत होता. अक्षरं कुणीही लिहावीत, शिरोरेघ मात्र दुकानाच्या धन्यानंच ओढायची. ती ओढली की काम पुरं झालं. सहीची गरज नाही.

आई जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. साल होतं दोन हजार एक्केचाळीस.

पाट्या रंगवणारे पेंटर तोवर जवळजवळ संपले होते. दुकानांच्या माथ्यावर विजेचे पडदे आले होते, आणि पडद्यांवरची अक्षरं इतकी निर्दोष होती की लोकांचा डोळा त्यांच्यावरून घसरून जाई. म्हणूनच की काय, हातानं लिहिलेल्या अक्षराची माणसांना पुन्हा भूक लागली. मंजिरीनं ती भूक ओळखली. बापाकडून घेतलेलं अक्षर तिनं पाटीवरून उतरवलं आणि त्याला चित्र व्हायला लावलं. तिच्या 'वडा'ला पारंब्या फुटल्या. तिच्या 'वाऱ्या'ची अक्षरं एका अंगाला कलली. दूरदूरची माणसं बघायला येऊ लागली.

आणि आता कृष्णेच्या काठची पूरभिंत तिच्या हातात आली होती. दोनशे दहा फूट. अण्णांच्या हिशेबानं तीस ओव्या. त्या भिंतीवर तिनं या मुलखातल्या माणसांनी पाण्याला दिलेली नावं घ्यायची ठरवली होती. झरा, पाझर, पाट, ओढा, लोंढा, भोवरा, डोह. प्रत्येक शब्द आपापल्या पाण्यासारखा वागणार होता. डोहाची अक्षरं खाली खाली गडद होत जाणार होती, भोवऱ्याची एकमेकांत गरगरणार होती. आणि सगळ्यांच्या डोक्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच शिरोरेघ. ती रेघ म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. मराठी अक्षरं रेघेखाली लोंबतात, तशी ही सगळी नावं पाण्याखाली लोंबणार होती.

भिंतीच्या कोपऱ्यात नाव लागणार होतं ते मंजिरीचं. पहिल्यांदाच.

डॉक्टर यास्मिन मुजावर दुकानात आल्या तेव्हा मंजिरी ब्रश धूत होती. डॉक्टर मिरजेच्या, मेंदूच्या आजारांच्या. पण त्या दुकानात प्रथम आल्या होत्या त्या 'अक्षरठेव' नावाच्या संस्थेकडून, जुन्या पाट्या वाचायला.

"कारंडेकाका, जरा बसून बोलू या."

"उभ्यानंच सांगा, डॉक्टरीणबाई. आमचं सगळं काम उभ्याचंच."

डॉक्टर हसल्या नाहीत. 

अक्षरठेवनं एक यंत्र बनवलं होतं. रेघवाचक. मूळ हेतू साधा होता. जुन्या पेंटरांचे हात जाण्याआधी त्यांची चाल टिपून ठेवायची. ब्रशनं ओढलेली रेघ म्हणजे हृदयाच्या तपासणीत निघतो तसला कागद असतो. ब्रश डावीकडून उजवीकडे गेला, म्हणजे रेघेची लांबी हा काळ झाला. पहिल्या वितीत पहिला सेकंद, पुढच्या वितीत पुढचा. हाताचा दाब, वेग, थरथर, सगळं रेघेच्या दोन्ही कडांवर उमटून वाळून जातं. डोळ्याला ती कड सरळ दिसते. यंत्राचा प्रकाशकिरण मात्र केसाच्या शंभराव्या हिश्शाइतकं वाकणंही मोजतो.

आणि मोजता मोजता, कुणी शोधायला न जाता, एक गोष्ट सापडली. काही रेघांच्या कडांवर एक ठरावीक हेलकावा होता, सेकंदाला चार ते सहा. तसल्या रेघा ओढणाऱ्या माणसांना पुढं पाच-सहा वर्षांनी कंपवात झाला होता. मेंदूत हालचाल सांभाळणाऱ्या पेशींचं एक लहानसं बेट असतं. ते झिजू लागलं की हातात दिसायला लागण्याच्या कितीतरी आधी रेघ सांगते. लांब, न उचललेली रेघ मात्र हवी. वेलांट्या-मात्रांच्या आखूड फटकाऱ्यांत ते सापडत नाही. देवनागरीची शिरोरेघ जणू त्यासाठीच जन्माला आली होती.

डॉक्टरांनी पडद्यावर एक रेघ ताणून दाखवली. ताणल्यावर तिची कड बारीक दातांच्या फणीसारखी दिसत होती.

"गेल्या दोन वर्षांतल्या तुमच्या अकरा पाट्या वाचल्या. अकराही शिरोरेघांत हे आहे."

मंजिरीच्या हातातला ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात निसटला. तिनं तोंड उघडलं.

"शिरोरेघ ना?" अण्णा तिच्याआधी बोलले. "मग माझीच की. आमच्यात दुसरं कोण वढणार?" आणि त्यांनी मंजिरीकडे बघितलं. परांचीवरून बघायचे तसं. श्वास धर, सोडू नको.

"तेच मी नोंदीत लिहिलंय. तपासण्या करून दर आठवड्याला नाकात औषधाचा फवारा सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या. "एक कोडं होतं फक्त. दोन वर्षांपूर्वी रेघेची ढबच एकदम बदलली. हा आजार असा एका दिवसात येत नाही. पण तुम्ही त्याच सुमाराला परांचीवरून पडला होतात ना?"

"पडलो की. खांदा धरला हुता."

"मग लागतो मेळ."

मेळ लागत नव्हता. तो कसा लागत नव्हता हे त्या दुकानात दोघांना माहीत होतं. पडल्यावर अण्णांचा उजवा हात छातीच्या वर जाईना. तेव्हा परांचीला ताडपत्री बांधून, आत दोघांनी जाऊन, शिरोरेघ मंजिरीनं ओढायची आणि अण्णांनी शेजारी उभं राहून ओवी म्हणायची, असं सुरू झालं. "लोकांना कळलं तर म्हणतील कारंडे संपला," अण्णा म्हणाले होते. "वरीसभर थांब. मग मीच सांगतो." वर्षभरात खांदा सुटला. अण्णा रोज सकाळी अंगणातल्या काळ्या फळ्यावर पाण्यात भिजवलेल्या ब्रशनं सात फूट रेघ ओढायचे, ती वाळून नाहीशी होईपर्यंत बघत बसायचे. पण पाट्यांवरची रेघ त्यांनी परत मागितली नाही. "तुझी माझ्यापरीस बरी उतरती," एवढं ते ताडपत्रीच्या आत म्हणाले. ताडपत्रीच्या बाहेर कधी म्हणाले नाहीत.

दोन वर्षं मंजिरी मनातल्या मनात वाट बघत होती, की एकदा चारचौघांत अण्णा म्हणतील, ही रेघ माझ्या पोरीची आहे.

डॉक्टर गेल्यावर तिनं डब्यातून ब्रश काढला, तो पुसला, पुन्हा पुसला.

"अण्णा, त्यांना सांगायला पाहिजे."

"काय?"

"काय ते तुम्हाला माहितीय."

"डब्याचं झाकण लाव आधी. वारं लागलं की रंगावर साय धरती."

"अण्णा!"

अण्णांनी स्वतःच झाकण लावलं. अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबलं. "मंजे, नव्या नियमानं आजारी रेघेच्या माणसाला दहा फुटांच्या वर चढू देत न्हाईत. तुझा चढायचा परवाना तीन वर्सांमागचा हाय, अजून चालतोय. आज तोंड उघडलंस तर आजच्या आज भिंतीवरनं खाली उतरवतील. मग कोण करणार ती? मी करणार? मला त्यातलं काय कळतंय? माझी अक्षरं दुकानाच्या वर बसत्यात, तुझी पाण्यात पवत्यात."

"पण भिंतीवरची रेघ ते वाचतीलच."

"खरबरीत गिलाव्यावर यंत्र आंधळं हाय. त्याला पत्र्याची गुळगुळीत पाटी लागती. मी इचारून घेतलंय." अण्णा मिस्कील हसले. चोरी पचलेल्या पोरासारखे. "तीन महिनं. भिंत हुईस्तोवर. मग मीच जाऊन सांगतो."

"आणि तोवर ते औषध तुमच्या नाकात?"

"नाकात काय, तपकीर वढली म्हणायची."

मंजिरीनं तिथंच नाही म्हणायला हवं होतं. आईला अण्णांनी चार वर्षं घासाघासानं भरवलं होतं, ते तिनं पाहिलं होतं. ज्या हातानं आई रंग ढवळायची त्या हातात शेवटी चमचा ठरत नव्हता. आजार कुठून कुठं आला हे कळायला यंत्राची गरज नव्हती. पण तिला भिंत हवी होती. इतकी हवी होती की त्या हवेपणाची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही ती गप्प राहिली.

रक्त तपासलं, तर अण्णांच्या वयात त्यावरून नक्की काही ठरत नाही म्हणाले. पाठीतलं पाणी काढून तपासायचं म्हटल्यावर अण्णांनी हात जोडले. "रेघ बोलली ना तुमच्या यंत्राजवळ? मग आता माझ्या पाठीला कशाला इचारता?" अकरा रेघांचा पुरावा धरून डॉक्टरांनी औषध सुरू केलं. दर मंगळवारी अण्णा आरोग्यकेंद्रावर जाऊन औषधाचा फवारा नाकात घेऊन येऊ लागले. येताना मंजिरीसाठी गरम भजी आणायचे. नाकाला वास येत नाही म्हणून स्वतः खायचे नाहीत.

मंजिरी परांचीवर एकटी होती. पाझर झाला, पाट झाला, लोंढा झाला. काम सुंदर होत होतं आणि तिला झोप लागत नव्हती. आईचा आजार सुरू झाला तेव्हाची एक दुपार तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आई ओसरीत बसली होती आणि तिचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरत होता, चिमटीत हळद चोळावी तसा. "काय चोळतेस गं?" मंजिरीनं विचारलं होतं. आईनं आपल्या बोटांकडे बघितलं. चिमटीत काहीच नव्हतं.

आता मंजिरी दिवसातून वीस वेळा आपल्या अंगठ्याकडे बघायची. चहाचा कप काठोकाठ भरून परांचीच्या फळीवरून चालायची. सांडायचा नाही. मग वाटायचं, यंत्र चुकलं असेल. मग फणीच्या दातांसारखी ती कड आठवायची. डोळ्याला सरळच दिसते, डॉक्टर म्हणाल्या होत्या. सरळ दिसणं हाच तर तिचा कावा.

दोन महिने उलटल्यावर एका सकाळी डॉक्टर मुजावर भिंत बघायला आल्या. डोहापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या.

"यात उतरावंसं वाटतं आणि भीतीही वाटते," त्या म्हणाल्या. "काका नशीबवान हं, मंजिरीताई. वेळेत सापडलं."

"वेळेत म्हणजे?"

"निम्म्या पेशी जायच्या आत औषध सुरू झालं तर आजार आहे तिथं थांबतो. पुढं पाऊल टाकत नाही. निम्म्या गेल्यावर मात्र त्याचा काही उपयोग नाही. काकांच्या रेघांवरून माझा अंदाज होता, हातात सात-आठ महिने असतील. फार तर."

सातातून दोन गेले, मंजिरीनं मनात धरलं. राहिले पाच.

"ते औषध करतं काय नेमकं?"

"दमलेल्या पेशींना विसावा देतं. धापा टाकत काम करतात त्या, म्हणून लवकर मरतात."

"आणि ज्या दमलेल्या नसतील त्यांना?" तिनं ब्रशची कड निरखत विचारलं. सहज विचारावं तसं.

"त्यांना झोप आणतं. निरोगी माणसाला दिलं तर त्याची हालचाल मंदावेल, हात जड होईल. लवकर थांबवलं तर परत येतं सगळं. फार लांबलं तर सांगता येत नाही." डॉक्टरांनी खांद्यावरची ओढणी सारखी केली. "म्हणून तर नक्की झाल्याशिवाय आम्ही कुणाला हात लावत नाही."

ब्रशवरून काळ्या निळ्या रंगाचा एक थेंब गळून डोहावर पडला आणि खाली ओघळला. मंजिरीनं तो पुसला नाही. डॉक्टर खाली उतरून गेल्या तरी ती तशीच उभी होती.  भिंतीचे बारा दिवस उरले होते. फक्त बारा दिवस.

दुपारी जेवायला घरी आली तर अंगणात हशा चालला होता. शेजारचे सदातात्या टेलर आपल्या पाटीसाठी येऊन बसले होते. अण्णा पाटीशी उभे होते. अक्षरांची खडूची आखणी झाली होती, रंग दोनच अक्षरांना लागला होता.

"ये गं मंजे, तुझ्या बापाला जरा हलव," सदातात्या म्हणाले. "एका ओवीची पाटी, आणि हा सकाळधरनं अख्खं कीर्तन लावून बसलाय. तेवढ्यात माझी दोन जंफरं शिवून झाली!"

"तुझी जंफरं बायका उसवून पुन्यांदा शिवत्यात," अण्णा म्हणाले. पण बोलण्यातही मध्ये मध्ये खळगे पडत होते. ठरलेलं उत्तर होतं, एरवी ते तात्यांचं वाक्य संपायच्या आत द्यायचे.

मंजिरीची नजर अंगणाच्या कडेच्या फळ्याकडे गेली. सकाळची रेघ वाळून गेली नव्हती. आज अण्णांनी पाण्याऐवजी रंग घेतला होता, कदाचित नीट बघता यावं म्हणून. रेघ तीन फुटांवर थांबली होती. वाकडी नव्हती. थरथरही नव्हती तिच्यात. पण जिथं जिथं ब्रश रेंगाळला होता तिथं तिथं तिला पोट सुटलं होतं, गोगलगाय चालून जावी तशी. सत्तर वर्षांच्या उंबरठ्यावरच्या ज्या हाताची रेघ बघायला कोल्हापूरचे पेंटर यायचे, त्या हाताची ही रेघ.

सदातात्या गेल्यावर ती म्हणाली, "ते औषध बंद करा. आजपासून."

"हात जरा जड झालाय. हवा बदलली."

"अण्णा, ते औषध तुमच्या हाताला झोपवतंय. मी विचारलं डॉक्टरांना."

अण्णा फळ्यापाशी गेले, बोटानं ती पोटं एकेक करून चाचपली. "मलाबी कळतंय ते," ते हळूच म्हणाले. "पन्नास वर्सं रेघ वढतोय मी. माझ्या हाताला काय झालंय ते मला कळणार न्हाई?"

"मग?"

"बंद केलं तर डॉक्टरीणबाई इचारंल, का. मग काय सांगू?"

"खरं सांगू."

"आणि भिंत?"

 अण्णांनी तिच्याकडे मायेनं बघितलं, आणि त्या मायेनंच ती जळाली. "तुझ्या आईच्या हातातलं गेलं ते मला थांबवता आलं न्हाई," ते म्हणाले. "तुझं तेवढं बारा दिवस थांबवू दे. माझा हात काय, त्यानं वढायचं तेवढं वढलंय."

ती ताटावर बसली. भाकरीचा तुकडा मोडला. अंगठा तर्जनीवर फिरतोय की काय म्हणून बघितलं. फिरत नव्हता.

बाराव्या दिवशी सकाळी भिंतीवरची ताडपत्री उतरवली. सगळी नावं तयार होती, सगळी उघड्या डोक्यानं उन्हात उभी. राहिली होती फक्त रेघ. अक्षरठेवची माणसं आली होती, सदातात्या इस्त्रीचा सदरा घालून आले होते, घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. डॉक्टर मुजावर पायऱ्यांच्या सावलीला उभ्या होत्या.

अण्णांना वर चढायला बंदी होती. पण भिंतीच्या या टोकाला घाटाच्या पायऱ्या वर येतात आणि रेघ माणसाच्या छातीइतक्या उंचीवर लागते. तिथं पहिली ओवी कारंडे पेंटरांनी ओढावी, पुढच्या एकोणतीस मंजिरीनं, असं ठरलं होतं. रिवाज मोडायला नको म्हणून डॉक्टरांनीच ते सुचवलं होतं.

"मंजे, ओवी धर," अण्णा म्हणाले. "तुझी आई न्हाई आता."

त्यांनी ब्रश बुडवला. कड निथळवली. एवढंही त्यांना किती वेळ लागला. मग त्यांनी छाती भरून घेतली, आणि मंजिरीनं आईच्या चालीवर आईचा आवाज काढला.

उभी राहिली अक्षरं…

ब्रश भिंतीला टेकला. निघाला. ती गात होती आणि बघत होती. ब्रशला वाट माहीत होती, पाय मात्र चिखलात होते.

…डोई उघडी उन्हात…

'झरा'वरून रेघ अजून पुरती गेली नव्हती. तिनं चाल संथ केली. शब्द ताणला. आईनं कधी ताणला नव्हता इतका ताणला. घाटावरच्या बायकांना कळत नव्हतं, पण सदातात्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली.

बाई पदर ओढिते, एका दमात दमात.

ओवी संपली. रेघ तीन फुटांवर होती. अण्णांनी ब्रश उचलला नव्हता आणि श्वास सोडला नव्हता. गळ्याची शीर तटतटली होती, चेहरा तांबडा झाला होता, आणि ब्रश जिथं थांबला होता तिथं रंगाचं पोट हळूहळू मोठं होत चाललं होतं. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघितलं. ओवी पुन्हा सुरू कर, असं ते बघणं होतं. दुसऱ्यांदा म्हटली असती तर ते तसेच उभे राहिले असते. तिसऱ्यांदा म्हटली असती तरी.

"फारच लवकर मंदावलाय हात," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या. "औषध वाढवायला हवं की काय…"

मंजिरी पायऱ्या चढून अण्णांपाशी गेली. तिनं त्यांच्या मनगटाखाली आपला तळवा धरला. मनगट थंड होतं, स्थिर होतं. जराही थरथर नव्हती त्यात. तिनं त्यांच्या बोटांतून ब्रश सोडवून घेतला. पुढं भिंतीवर अजून साडेएकोणतीस ओव्यांची अक्षरं उघडी उभी होती, आणि त्यांची रेघ आता तिच्या हातून होणार नव्हती, हे तिनं एकदा डोळे भरून बघून घेतलं.

"अण्णा, श्वास सोडा."

त्यांनी मान हलवली. नाही. गप, मंजे.

"सोडा म्हणते ना."

अण्णांचा श्वास सुटला. तो सुटताना त्यांच्या तोंडून आवाज आला. मंजिरी वळली. सावलीला उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे बघून ती बोलली, शेवटच्या पायरीवरच्या बाईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"डॉक्टर, त्या अकरा पाट्यांवरच्या रेघा अण्णांच्या नाहीत. माझ्या आहेत. सगळ्या मी ओढल्यात. अण्णांच्या हाताला काही झालेलं नाही, आजारी हात माझा आहे."